अग्निरथाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवालयांच्या संबंधांतच योजतों. वैनगंगेच्या कांठच्या मार्कंड्याच्या देवालयासारखी एखादी वास्तु ढासळूं लागली, म्हणजे तिच्या शिळा पुन्हां जागच्या जागीं बसवाव्या आणि पुढील पिढ्यांस तिचें दर्शन घडवावें, एवढाच त्याचा रूढ अर्थ. परंतु गेल्या पाऊणशे वर्षांत वाफेच्या इंजिनांचाहि जीर्णोद्धार होऊं लागला आहे. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे ही मोडकळीस आलेली लहानशी आगगाडी १९५१ मध्यें हौशी स्वयंसेवकांनीं चालविण्यास घेतली, आणि तेथपासून ही प्रथा देशोदेशीं पसरली. ज्या यंत्राला त्याच्या धन्यानेंच भंगारांत काढलें, त्याच्यासाठीं शहाण्यासुरत्या माणसांनीं वर्षेंच्या वर्षें खर्चीं घालावीं, ह्यांत केवळ गतकालाचा मोह आहे, कीं त्याहून कांहीं अधिक आहे? आम्हां कुरखेड्याकडील मंडळींस हा प्रश्न परका नाहीं; कारण ह्या यंत्राच्या इतिहासाचा एक धागा आमच्या अरण्यप्रांतांतून गेलेला आहे.

ज्या चांदा जिल्ह्यांतून १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, त्या जिल्ह्यांत आगगाडी आली ती प्रवाशांच्या सोयीसाठीं नव्हे, कोळशासाठीं. वरोऱ्याच्या खाणीकरितां वर्ध्याहून काढलेला फांटा १८७७ मध्यें सुरू झाला. ती खाण १९०६ मध्यें बंद पडली. परंतु तोंवर इंजिनाच्या पोटांतील आगीशीं ह्या जिल्ह्याचें नातें जडून गेलें होतें. पुढें विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बंगाल-नागपूर रेल्वेनें अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग गोंदियाहून नागभीडवरून चांद्याकडे नेला, आणि नागपूरहूनहि एक मार्ग नागभीडास आणून जोडला. कुरखेड्याला जवळचें स्टेशन जें वडसा, तें ह्याच गोंदिया-चांदा मार्गावरचें. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांनीं आपलें ठाणें वडशास करावें, ह्यांत त्या स्टेशनाचाहि थोडाबहुत वांटा असावा असें आम्हांस वाटतें.

ह्या कथेला दुसरीहि बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें इतिहासकाराला शोभणार नाहीं. रुळांखालीं लाकडी स्लीपर लागत, आणि ते अरण्यांतून येत. १८७८ च्या जंगल कायद्यानें सरकारनें अरण्यावर जो ताबा बसविला, त्याच्या मुळाशीं रेल्वेची लाकडाची भूक हें एक मोठें कारण होतें. ज्या गोंड कुटुंबांचें जिणें रानावर चाललें होतें, त्यांना इंजिनाची शिटी कानाला गोड लागली असेल, असें मानावयास आम्ही तयार नाहीं. म्हणून जुन्या इंजिनाकडे पाहतांना डोळे भरून यावेत, पण ते मिटूं नयेत.

ह्या यंत्राचा अस्त मात्र संथपणें झाला. चित्तरंजनच्या कारखान्यांतून १९७२ नंतर वाफेचें एकहि इंजिन बाहेर पडलें नाहीं. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील शकुंतला सत्तर वर्षें वाफेवर धांवली. तिच्या पुढें १९९४ मध्यें डिझेलचें इंजिन लागलें. डिसेंबर १९९५ मध्यें रुंद मार्गावरील वाफेची नेहमींची शेवटची गाडी जालंदर-फिरोजपूर मार्गावर धांवली. मग रूळहि बदलले. वडशावरून जाणारा अरुंद मार्ग त्या शतकाच्या अखेरीपर्यंत रुंद झाला, आणि नागपूर-नागभीडची अरुंद गाडी रुंदीकरणासाठीं २०१९ मध्यें थांबली. आज ह्या मार्गांच्या खुणा पाहावयाच्या असतील, तर नागपुरास मोतीबागेतील अरुंद मार्गाच्या संग्रहालयांत जावें लागतें. तेथें इंजिनें उभीं आहेत, रंग दिलेलीं, पुसून लखलखीत केलेलीं. फक्त त्यांच्यांत आग नाहीं.

आमच्या मतें सगळा प्रश्न येथेंच आहे. देवालयाच्या शिळा सांधल्या कीं देवालय उभें राहिलें. परंतु इंजिनाचे भाग सांधल्यानें इंजिन उभें राहत नाहीं, केवळ त्याची मूर्ति उभी राहते. तें जिवंत करावयाचें तर बॉयलर उघडून त्यांतील नळ्या एकेक तपासाव्या लागतात, पातळ झालेला पत्रा बदलावा लागतो, नेहमींच्या दाबाहून अधिक दाबानें पाणी भरून त्याची परीक्षा घ्यावी लागते. भट्टीच्या माथ्यावर शिशाची एक गुडदी असते. पाणी खालीं गेलें तर ती वितळून वाफ भट्टींत सोडते आणि माणसांना सावध करते. थंड इंजिन एकदम तापवूं गेलें तर सांधे ताणले जातात. म्हणून कित्येक तास आधींपासून आंच हळूहळू वाढवावी लागते. ही आंच किती, हें मोजावयास यंत्र थोडें आणि हाताची संवय फार.

तसें करून दाखविणारे हात आपल्याकडे निघाले. लीड्स येथें १८५५ मध्यें घडलेलें 'फेअरी क्वीन' १९०९ मध्यें निवृत्त झालें होतें. तें १९९७ मध्यें पुन्हां वाफेवर धांवलें. आमच्या प्रांतांत गाड्या चालविणाऱ्या बंगाल-नागपूर रेल्वेचें २३४ टन वजनाचें अवाढव्य गॅरट इंजिन खरगपूरच्या कारखान्यानें २००६ मध्यें चालतें केलें. त्यांना पाहावयास माणसें लोटतात, ह्याचें कारण उघड आहे. विजेच्या इंजिनाची शक्ति पेटीआड दडलेली असते. वाफेच्या इंजिनांत आग दिसते, दट्ट्याची ये-जा दिसते, दांडा चाकाला कसा फिरवितो तें लहान मुलालाहि कळतें. शिवाय माणसानें फावडें उचलल्याखेरीज तें हालत नाहीं. यंत्रापुढें माणूस क्षुद्र वाटण्याच्या ह्या काळांत, माणसावांचून अडणारें यंत्र आपणांस आपलेंसें वाटावें, ह्यांत नवल काय?

म्हणूनच खरा जीर्णोद्धार विद्येचा आहे, आणि त्याला मुदत आहे. १९९५ सालीं जो फायरमन विशीचा होता, तो आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. त्याला शिकविणारे बहुतेक निघून गेले. लोखंड शंभर वर्षें वाट पाहील, हात पाहणार नाहींत. गोंदिया, नागभीड, नागपूर येथल्या घरांघरांतून असे जाणते अद्याप असतील. त्यांच्यापाशीं बसून आंच कशी ओळखावी, शिटीच्या आवाजावरून वाफ कशी ताडावी, हें टिपून घेणें आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना अवघड नाहीं. आणि त्याच वहींत, रुळांखालीं ज्यांचें रान गेलें त्यांच्या नातवंडांनाहि आपलें सांगणें सांगूं द्यावें. इंजिनाला रंग मागाहूनहि देतां येईल.