नाताळची मेजवानी व शेजाऱ्याचें ताट

हिंदमाताच्या दक्षिणेस, परळांत, हाफकिन संस्थेची जुनी वास्तु आहे. तेथें पूर्वीं जेझुइट धर्मगुरूंचा मठ व देवालय होतें. अठराव्या शतकाच्या आरंभीं ब्रिटिशांनीं तें जप्त केलें व पुढें तेथें गव्हर्नरसाहेबांचा निवास झाला. १८२५ सालीं मुंबईस आलेले अँग्लिकन बिशप हेबर यांनीं, तेथील भोजनगृह हें मूळचें देवालय होय, असें नमूद करून ठेविलें आहे. जेथें भाविक गुडघे टेकीत, तेथें बड्या पाहुण्यांच्या पंक्ती बसूं लागल्या. १८८५ सालीं गव्हर्नर मलबार पॉइंटला गेले. १८९९ सालीं डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा तेथें आली. त्या मेजवान्या आतां केवळ इतिहासांत उरल्या आहेत.

परंतु याच परिसरांत, चाळींतील एका खोलीच्या बिऱ्हाडांतून, नाताळची दुसरी मेजवानी टिकून राहिली. तिचें मर्म एका शब्दांत सांठविलेलें आहे. पोर्तुगीज भाषेंत ‘कोंसोआदा’ म्हणजे मुळांत उपवासाच्या सायंकाळचा अल्पाहार; पुढें नाताळच्या पूर्वरात्रीचें भोजन असा त्याचा अर्थ झाला. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणेंही तो दिवस उपवासाचा व मांसवर्जनाचा होता. गोव्यांतील ख्रिस्ती कुटुंबांत मात्र या शब्दास आणखी सुंदर अर्थ लाभला: नेवऱ्या, कलकल, दोदोल यांनीं भरून शेजाऱ्यांस धाडावयाचें ताट. उपवास करणाऱ्याचा घांस असा शेजाऱ्याचा वांटा झाला!

मुंबई, साष्टी व वसई येथील मूळ ख्रिस्ती समाजानें १८८७ सालीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव स्वीकारिलें. घरची भाषा मात्र मराठीच राहिली. त्यांच्या नाताळची तयारी उन्हाळ्यांतच सुरू होते. त्या दिवसांत कुटलेला मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरितात. तोच डिसेंबरांत पाहुण्यांच्या रश्श्यास उपयोगी पडतो, व सोबत ताजे फुगे तळले जातात. चाळींत हें ताट हिंदु शेजाऱ्याकडे जाई, आणि दिवाळींत तेंच करंज्या-चकल्यांनीं भरून परत येई.

या रीतीची खरी कसोटी टंचाईच्या काळांत लागली. १९४३ सालीं मुंबईंत शिधावाटप सुरू झालें. मापून मिळालेल्या साखरेंतून शेजाऱ्याचा वांटा काढणें हा खरा त्याग होता. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष गिरणीकामगार उतरले. त्या वर्षीं नाताळ आला तरी संप मिटला नव्हता. पगार थांबलेल्या घरीं शेजारचें ताट येणें म्हणजे आपण विसरले गेलों नाहीं, ही ग्वाही होती.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आतां चाळींच्या जागीं मनोरे उभे राहत आहेत व दारें बंद असतात. कित्येक वृद्ध मातापित्यांचीं मुलें परदेशीं आहेत. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर तीं एकटींच घरीं परततात. लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायांत प्रभूनें यजमानास सांगितलें आहे कीं, परतफेड करूं शकणाऱ्यांस नव्हे, तर जे ती करूं शकत नाहींत त्यांस जेवावयास बोलवावें. म्हणून महोत्सवाच्या या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या पंक्तींत एक पान अधिक मांडावें. ज्यास येणें शक्य नसेल, त्याच्या दारीं आपण स्वतः ताट घेऊन जावें, आणि क्षणभर त्याच्याजवळ बसावें.