मुंबई विद्यापीठाची पदवी : साक्ष आणि मान्यता

पदवी प्रमाणपत्र म्हणजे एखाद्याने ठरावीक विषयात ठरावीक पातळी गाठल्याची विद्यापीठाने दिलेली लेखी साक्ष. १८५७ च्या ज्या कायद्याने मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्यात हाच हेतू नोंदवलेला आहे : परीक्षा घेऊन वाङ्मय, शास्त्र व कला यांत प्रावीण्य मिळवलेल्यांची पारख करायची आणि त्या प्रावीण्याचा पुरावा म्हणून पदवी द्यायची. शिकवण्याची जबाबदारी विद्यापीठावर नव्हती. लंडन विद्यापीठाच्या तेव्हाच्या धर्तीवर ते केवळ परीक्षा घेणारे मंडळ होते. वर्ग भरत ते एल्फिन्स्टनसारख्या महाविद्यालयांत.

त्याआधी मुंबईत प्रमाणपत्रे मिळतच नव्हती असे नाही. १८४५ मध्ये सुरू झालेले ग्रँट मेडिकल कॉलेज १८५१ पासून आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःची पदविका देत असे; डॉ. भाऊ दाजी लाड त्या पहिल्या तुकडीतले. मात्र तिथे शिकवणारी आणि उत्तीर्ण ठरवणारी संस्था एकच होती. विद्यापीठ आल्यावर वेगवेगळ्या महाविद्यालयांतले विद्यार्थी एकाच कसोटीवर पारखले जाऊ लागले, आणि हा बदल पदवीच्या इतिहासात सर्वांत मोलाचा मानायला हवा.

पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. १८६२ मध्ये बी. ए. झालेले पहिले चौघे म्हणजे महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. सरकारी नोकरीत शिकलेल्यांना प्राधान्य द्यावे, हे धोरण १८५४ च्या वुड यांच्या खलित्यातच आले होते. त्यामुळे ज्ञानाची साक्ष म्हणून दिलेला कागद लवकरच नोकरीचा परवाना झाला. हा परवाना सर्वांच्या हाती सारखा चालत नव्हता. विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी यांनी उत्तम यश मिळवले, तरी इंग्लंडमध्ये शिकण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती त्या स्त्री असल्यामुळे नाकारली गेली.

मान्यतेवाचून पदवीचे काय होते, हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाने अनुभवले. १९१६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या या विद्यापीठात उच्च शिक्षण मातृभाषेतून दिले जाई आणि बी. ए. ऐवजी ‘गृहीतागमा’ (जी. ए.) ही पदवी मिळे. अभ्यास खरा होता, परीक्षाही खरी होती, पण सरकार ती पदवी मानत नव्हते. विठ्ठलदास ठाकरसी यांच्या मोठ्या देणगीने विद्यापीठाचा आर्थिक पाया भक्कम झाला. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मात्र १९५१ पर्यंत मिळाला नाही. इतकी वर्षे त्या विद्यार्थिनी ज्या निष्ठेने शिकल्या, तिची दखल शिक्षणाच्या इतिहासात पुरेशी घेतली गेलेली नाही.

पुढे हा प्रश्न सबंध देशासाठी कायद्यानेच सोडवला गेला. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यातील कलम २२ नुसार केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच पदवी देता येते. इतर कोणी दिलेल्या कागदाला, त्यावर कितीही सुबक शिक्के असले तरी, पदवी म्हणून किंमत नाही.

पदवीदान समारंभात हाती पडणारे प्रमाणपत्र हरवले तर रीतसर अर्ज करून दुय्यम प्रत मिळते, कारण मूळ नोंद विद्यापीठाच्या दप्तरी असते. नोकरी देणारी संस्था किंवा परदेशी विद्यापीठही खात्री करून घेते ती या नोंदीवरूनच. अलीकडे डिजिलॉकरमधील पदवीही ग्राह्य धरली जाते, तीही त्याच नोंदीच्या आधारे.