तळ्याकाठचे बंगले आणि शंभरपैकी मार्क

ऑनसाईटला डेट्रॉईटजवळ होतो तेव्हा वीकएंड म्हणजे इंडियन ग्रोसरी, लॉन्ड्री आणि घरी व्हिडिओ कॉल. एका शनिवारी या सगळ्याचा कंटाळा आला म्हणून गाडी काढली आणि डाउनटाउनहून जेफरसन ॲव्हेन्यूने सरळ पूर्वेकडे निघालो. वाटेत मधूनमधून फळ्या ठोकलेल्या खिडक्या, गवत माजलेले रिकामे प्लॉट. मग ऑल्टर रोड ओलांडला आणि चित्रच बदललं. झाडं एकदम नीटनेटकी, हिरवळ कापलेली, घरं अशी की गाडीचा वेग आपोआप कमी झाला. अंतर किती? एका सिग्नलचं.

इथून ग्रोस पॉइंट सुरू होतं. नाव एक, पण गावं पाच, सगळी लेक सेंट क्लेअरच्या परिसरात. एकेकाळी इथे फ्रेंच शेतकऱ्यांच्या तळ्यापासून आत जाणाऱ्या लांबच लांब पट्ट्या होत्या. नंतर डेट्रॉईटच्या पैसेवाल्यांनी उन्हाळ्यासाठी बंगले बांधले आणि मोटारीचा पैसा आल्यावर मंडळी बारा महिने इथेच राहायला लागली.

आता गंमत बघा. पैसा ताजा, पण घरं सगळी जुनी दिसणारी! रसेल ॲल्जर ज्युनियर या पॅकार्ड मोटारवाल्या गृहस्थाने १९१० मध्ये चार्ल्स प्लॅटकडून चक्क इटालियन धाटणीचा बंगला बांधून घेतला. तिथे १९४९ पासून वॉर मेमोरियल आहे, आणि लग्नंही लागतात. यॉट क्लबने तर व्हेनिसच उचलून आणलं. बोस्टनच्या गाय लॉवेलचं डिझाइन, १८७ फुटी मनोरा, उद्घाटन ४ जुलै १९२९. पुढच्या चार महिन्यांत शेअरबाजार कोसळला. टायमिंग म्हणतात ते हे! डॉज मोटारवाल्या ॲना डॉजबाईंचा ‘रोझ टेरेस’ हा फ्रेंच राजवाडा मात्र १९७६ मध्ये पाडला, त्यामुळे तो फोटोतच बघायचा.

पण खरं बघण्यासारखं घर हेन्री फोर्डच्या मुलाचं, एडसेल फोर्डचं. एडसेल आणि एलेनॉर यांना इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्सची दगडी घरं आवडली. मग काय, आर्किटेक्ट अल्बर्ट कानने १९२६ ते १९२९ या काळात मिशिगनमध्ये एक इंग्लिश खेडंच उभं केलं. घर एकच, पण बाहेरून वाटतं की दोनतीनशे वर्षांत एकेक खोली जोडत गेलेत. छपरावर दगडी कौलं, ती बसवायला कारागीर इंग्लंडहून. जिना तिकडच्या जुन्या वाड्यातून काढून आणलेला. आणि आत एका दारातून गेलात की थेट १९३० चं दशक: वॉल्टर डॉर्विन टीगने केलेल्या मॉडर्न खोल्या, लपवलेले दिवे, भिंतींना चामडं! एडसेलला डिझाइनची खरी नजर होती, हे त्या खोल्यांत कळतं. बाहेरचं खेडं मला सुंदर वाटलं, पण सिनेमाच्या सेटसारखंही.

हा अल्बर्ट कान म्हणजे आपल्या इंजिनियर लोकांचा माणूस. हेन्री फोर्डची हायलँड पार्कची फॅक्टरी त्याचीच, जिथे १९१३ मध्ये असेंब्ली लाइन धावली. काँक्रीट, प्रचंड खिडक्या, कुठे फालतू नक्षी नाही. ज्या हाताने ते काढलं त्याच हाताने हे खेडं काढलं. आणि हा कान जर्मनीतून लहानपणी आलेल्या ज्यू धर्मगुरूचा मुलगा. हेन्री फोर्डच्या मालकीचं वर्तमानपत्र १९२० पासून ज्यूंविरुद्ध गरळ ओकत होतं, तरी फॅक्टरीचं काम कानकडेच. कामाला चालतो, शेजारी नको, हा प्रकार तेव्हाही होता तर.

शेजारी नको, हे इथे नुसतं मनात नव्हतं, त्याचा फॉर्म होता. १९४५ पासून ग्रोस पॉइंटच्या ब्रोकरांनी आणि घरमालकांच्या संघटनेने एक ‘पॉइंट सिस्टिम’ चालवली. घर घेऊ पाहणाऱ्याच्या मागे खाजगी डिटेक्टिव्ह लावायचे. राहणी अमेरिकन आहे का? मित्र कसले? रंग किती सावळा? बोलण्यात परकी ढब किती? मग मार्क. साधारण माणसाला पासिंग ५० ला, पोलिश असेल तर ५५, दक्षिण युरोपवाला ६५, ज्यू असेल तर ८५. कृष्णवर्णीय आणि आशियाई? त्यांचा पेपर तपासायचाच नाही. नियम मोडणाऱ्या ब्रोकरचं कमिशन जप्त. हे सगळं १९६० मध्ये एका खटल्यामुळे चव्हाट्यावर आलं.

हे मी रात्री अपार्टमेंटवर येऊन वाचलं आणि सकाळची ती हिरवळ डोळ्यासमोर आली. फॉर्म मनातल्या मनात भरून पाहिला. रंग, उच्चार, नाव... असो, माझा पेपर तपासलाच नसता.

पण मग पुण्यात फ्लॅट शोधत होतो ते आठवलं. एका सोसायटीच्या काकांनी आधी आडनाव विचारलं, मग व्हेज का नॉनव्हेज, मग “बॅचलर आहात ना, मित्र येतात का?” मी तिथे पास झालो होतो. माझा रूममेट नाही झाला, आणि मी गुपचूप दुसरा रूममेट शोधला. तेव्हा त्यात काही वाटलंही नव्हतं. आमचं बोलणं नंतर कमीच झालं.

मार्टिन ल्यूथर किंग १४ मार्च १९६८ ला इथल्याच हायस्कूलमध्ये बोलायला आले होते. सभेत आरडाओरडा झाला, भाषण पुन्हापुन्हा थांबवावं लागलं. तीन आठवड्यांनी मेम्फिसमध्ये त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर आठवड्याभरात घरांमधल्या भेदभावाविरुद्धचा कायदा सहीला गेला.

आज इथे कोणीही घर घेऊ शकतो, अर्थात पैसे असतील तर. तळ्याकाठची गावांची पार्कं मात्र अजून रहिवाशांसाठीच आहेत, गेटवर पास दाखवावा लागतो. मला गार्डने हसून, अगदी सभ्यपणे परत पाठवलं होतं. तळं मी फोर्डच्या घरामागच्या हिरवळीवरून पाहिलं, टूरचं तिकीट काढून. समोर पाणी, त्यापलीकडे कॅनडा. रूममेटला फोटो पाठवावा असं वाटलं होतं, पण नंबर बदललाय त्याचा.