जांभळ्या वॉलपेपरच्या मागे

ऑफिसातल्या माझ्या मशीनवर गेली दोन वर्षं एकच वॉलपेपर आहे. जांभळ्या फुलांच्या ओळी, पार क्षितिजापर्यंत गेलेल्या, आणि मध्ये एक एकटं झाड. दक्षिण फ्रान्स, प्रोव्हान्स, व्हालान्सोलचं पठार. परवा बिल्ड चालू होता (म्हणजे हक्काने टाइमपास करायची वेळ), तेव्हा शेजारच्या मित्राने विचारलं, "अरे, सगळी झुडपं एका मापाची कशी? फोटोशॉप असणार." मी म्हटलं नसेल, आणि शोधायला बसलो. शनिवार त्यातच गेला.

तर मंडळी, पहिला धक्का. या पठारावर जे दिसतं ते बहुतेक सगळं लव्हेंडर नाहीच. ते आहे लाव्हांदँ, म्हणजे संकर. खरं लव्हेंडर डोंगरावरचं, साधारण आठशे मीटरच्या वर खुलणारं. त्याचा एक भाऊबंद खालच्या उष्ण उतारांवर वाढतो. मधल्या पट्ट्यात दोघांची फुलं मधमाश्यांनी एकत्र आणली आणि हे तिसरं अपत्य झालं. धिप्पाड, भरपूर तेल देणारं, पण वांझ. बी धरत नाही. त्यामुळे लागवड करायची तर फांद्या छाटून खोचायच्या. म्हणजे शेतातलं प्रत्येक झुडूप दुसऱ्याची हुबेहूब कॉपी! एका मापाची का, याचं उत्तर हे.

पण हे सगळं नंतरचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लव्हेंडरची शेती अशी फारशी नव्हतीच. ते रानात उगवायचं आणि लोक ते कापून आणायचे. आता रानात ते इतकं माजलं कसं, याचं उत्तर मला सगळ्यात अस्वस्थ करून गेलं. गावं ओस पडत होती म्हणून! या भागाचा मोठा हिस्सा 'बास-आल्प' नावाच्या जिल्ह्यात येत असे. १८४६ च्या सुमारास तिथली लोकसंख्या दीड लाखाच्या वर होती, १९२१ पर्यंत ती एक लाखाच्या खाली आली. दगडधोंड्यांच्या जमिनीतून पोट भरेना, माणसं शहरांकडे गेली, उरलेल्यातली बरीच पहिल्या महायुद्धात गेली. जिथे गहू पेरायचे त्या सोडलेल्या तुकड्यांवर लव्हेंडर आपोआप पसरलं. (आपल्याकडे मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या कोकणातल्या पडक्या घरात रान माजतं, तसंच. फक्त त्या रानाला भाव होता.) ज्याँ जियोनोची झाडं लावणाऱ्या माणसाची गोष्ट, १९५३ ची, तुम्ही वाचली असेल. त्यातही सुरुवातीच्या उजाड माळावर फक्त रानटी लव्हेंडर असतं. तो तपशील सजावटीचा नव्हता, हे मला आत्ता कळलं.

भाव होता तो ग्रास शहरामुळे. तिथल्या अत्तरवाल्यांना तेल हवं होतं. मग जुलै-ऑगस्ट आला की बायका, पोरं, धनगर, पुढे पुढे इटली-स्पेनहून आलेले मजूरसुद्धा, हातात विळा घेऊन डोंगर चढायचे. वाकून एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्या हाताने कापायची, आणि पाठीवर किंवा कमरेला बांधलेल्या कापडात टाकायची. वरून ऊन, खाली दगड, भोवती मधमाश्या. मजुरी वजनावर. फुलं किती हलकी असतात याचा विचार करा म्हणजे 'वजनावर' या शब्दाचा अर्थ लागेल. खऱ्या लव्हेंडरचं एक किलो तेल काढायला शंभर किलोच्या वर फुलं लागतात.

माल वाहून नेणं परवडायचं नाही, म्हणून कितीतरी ठिकाणी भट्टीच फुलांकडे जायची. खेचरं तांब्याची भट्टी ओढत झऱ्याजवळ नेऊन ठेवायची. पाणी, सरपण, वाफ, मग थंड पाण्यातून जाणारी वेटोळ्याची नळी. कनौजच्या देग-भपक्याचा हा लांबचा नातेवाईक म्हणायला हरकत नाही. शेवटी पाण्यावर तेल तरंगतं, ते वरच्या वर काढायचं. कष्टांच्या मानाने उत्पादन अगदी थोडं, पण वर्षभरात रोख पैसा हातात पडायचा तो यातूनच.

१९२० नंतर लोक नीट ओळींत लागवड करायला लागले. आणि तिथून वर्षाचं चक्र ठरून गेलं. हिवाळ्यात ओळी म्हणजे करड्या उश्या मांडल्यासारख्या. वसंतात खुरपणी, हे सर्वात कंटाळवाणं काम, कारण झुडपाच्या बुंध्यातलं तण हातानेच काढावं लागतं. जूनअखेर रंग भरतो, मधपेट्या येतात. जुलैच्या मध्यापासून कापणी. कापलेली फुलं एक-दोन दिवस सुकवून मग भट्टी. पहिल्या वर्षी हाती काही लागत नाही, तिसऱ्या वर्षी खरं पीक, आणि दहाएक वर्षांनी झुडूप उपटायचं. १९५० च्या दशकात कापणीयंत्र आलं आणि विळा भिंतीला टांगला गेला. यंत्राला सपाट जमीन आणि एकसारखी झुडपं लागतात. दोन्ही गोष्टी खालच्या पठारांकडे, लाव्हांदँकडे होत्या. हेक्टरी तेल खऱ्या लव्हेंडरच्या कितीतरी पट. वासात कापराची झाक, पण साबण आणि कपड्यांच्या पावडरीला चालते. डोंगरावरचा लहान शेतकरी मागे पडला तो इथे.

आता आपल्या धंद्यातली गोष्ट. सगळीकडे एकच क्लोन लावला की काय होतं? सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. 'आब्रियाल' नावाचा वाण १९३० च्या दशकापासून सगळीकडे पसरला होता. मग झुडपं वाळायला लागली. एक चिमुकला तुडतुडा रोगाचा जंतू एका झुडपातून दुसऱ्यात नेतो. १९७० च्या दशकात शेतंच्या शेतं गेली. तोडगा काय निघाला? पिएर ग्रोसो नावाच्या शेतकऱ्याने जोमदार वाढणारी झुडपं निवडली, आणि 'ग्रोसो' हा नवा क्लोन सगळीकडे लागला. म्हणजे एक कॉपी-पेस्ट काढून दुसरं कॉपी-पेस्ट! माझ्या वॉलपेपरवर बहुधा तोच आहे. हसू नका, आपल्या प्रॉडक्शन सर्व्हरवर आपण वेगळं काय करतो?

बास-आल्पचं नाव १९७० मध्ये बदलून 'आल्प-द-ओत-प्रोव्हान्स' केलं. 'बास' म्हणजे खालचं, हलकं. ते लोकांना आवडत नव्हतं. १९८१ मध्ये डोंगरावरच्या खऱ्या लव्हेंडरच्या तेलाला प्रदेशाच्या नावाचं अधिकृत संरक्षण मिळालं, आठशे मीटरच्या वरचंच धरायचं या अटीवर. पण पुढे या तेलाच्या उत्पादनात बल्गेरियाने फ्रान्सला मागे टाकलं. गेल्या काही वर्षांत लागवड जास्त झाली आणि लाव्हांदँचे भाव इतके कोसळले की लोकांनी झुडपं उपटली. फोटो काढणारे मात्र वाढतच आहेत.

साधारण साडेसातशे मीटर उंचीवरच्या सो नावाच्या गावात दरवर्षी १५ ऑगस्टला लव्हेंडरची जत्रा भरते. त्यात विळ्याने फुलं कापायची स्पर्धा असते. आजीला जे काम वजनावर करावं लागायचं, ते नातवंडं आता बक्षिसासाठी करतात, आणि बाजूला उभे राहून लोक टाळ्या वाजवतात.