१ मे

१ मे हा ग्रेगरीय दिनदर्शिकेनुसार वर्षातील १२१ वा किंवा लीप वर्षात १२२ वा दिवस असतो. या दिवसानंतर वर्षाचे २४४ दिवस उरतात. भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेनुसार हा दिवस वैशाख ११ असतो. जगातील अनेक देशांत तो आंतरराष्ट्रीय कामगार दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये १९६० साली याच दिवशी अस्तित्वात आल्यामुळे तो महाराष्ट्र दिन आणि गुजरात स्थापना दिनही आहे. मराठवाड्यातील जालना जिल्ह्याची निर्मिती १ मे १९८१ रोजी झाली. त्यामुळे राज्याचा आणि या जिल्ह्याचा वर्धापनदिन एकच आहे.

जालना जिल्ह्याची स्थापना

मराठवाडा हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर निजामाने शरणागती पत्करली आणि हे संस्थान भारतीय संघराज्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेनुसार मराठवाड्याचे पाच जिल्हे, म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद, द्विभाषिक मुंबई राज्याला जोडले गेले. १ मे १९६० रोजी हे पाचही जिल्हे महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाले.

त्यानंतर दोन दशके मराठवाड्यातील जिल्ह्यांची संख्या बदलली नाही. १ मे १९८१ रोजी, शुक्रवारी, तत्कालीन औरंगाबाद (आताचा छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफ्राबाद हे तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका एकत्र करून जालना जिल्हा तयार करण्यात आला. जालना शहर हे जिल्ह्याचे मुख्यालय झाले. अशा रीतीने जालना हा मराठवाड्याचा सहावा आणि महाराष्ट्र स्थापनेनंतर या विभागात निर्माण झालेला पहिला नवा जिल्हा ठरला. त्या वेळी अब्दुल रहमान अंतुले हे राज्याचे मुख्यमंत्री होते.

नव्या जिल्ह्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालय व जिल्हा परिषद यांसारखी जिल्हा पातळीवरील कार्यालये जालना शहरात आली. तोपर्यंत महसूल, नियोजन वा शिक्षण या बाबतींतील जिल्हास्तरीय कामांसाठी परतूरच्या रहिवाशांना परभणी, तर इतर चार तालुक्यांतील लोकांना औरंगाबाद गाठावे लागत असे. पुढे घनसावंगी, मंठा व बदनापूर हे तालुके नव्याने झाल्याने जिल्ह्यातील तालुक्यांची संख्या आठ झाली. जिल्ह्याच्या उत्तरेस जळगाव, पूर्वेस बुलढाणा व परभणी, दक्षिणेस बीड आणि पश्चिमेस छत्रपती संभाजीनगर हे जिल्हे आहेत. गोदावरी नदी जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते. पूर्णा व दुधना या जिल्ह्यातील इतर महत्त्वाच्या नद्या होत. जालना शहर कुंडलिका नदीच्या काठी वसले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार होती.

जालना शहर जिल्ह्याचे ठाणे होण्यापूर्वीपासूनच व्यापारपेठ म्हणून प्रसिद्ध होते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण तेथील जुन्या बाजारपेठेच्या समृद्धीची निदर्शक आहे. संकरित बियाण्यांच्या उत्पादनामुळे आणि लोखंडी सळयांच्या कारखान्यांमुळे शहराला औद्योगिक महत्त्व आले. बियाणे उद्योगाचा पाया घालणाऱ्यांपैकी बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे गाव याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात आहे.

१ मे आणि महाराष्ट्रातील जिल्हे

१ मे १९६० रोजी महाराष्ट्रात २६ जिल्हे होते. त्यानंतर निर्माण झालेल्या दहा जिल्ह्यांपैकी चार जिल्ह्यांची स्थापना राज्याच्या वर्धापनदिनी झाली आहे.

* १९८१ – सिंधुदुर्ग (रत्नागिरी जिल्ह्यातून) आणि जालना (औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतून). राज्यातील जिल्ह्यांची संख्या २८ झाली.
* १९९९ – हिंगोली (परभणी जिल्ह्यातून) आणि गोंदिया (भंडारा जिल्ह्यातून). जिल्ह्यांची संख्या ३५ झाली.

परभणी जिल्ह्याचा काही भाग दोन्ही वेळा वेगळा झाला: १९८१ मध्ये परतूर तालुका जालन्याला जोडला गेला आणि १९९९ मध्ये हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. दरम्यान १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर वेगळा झाला होता. हिंगोलीच्या निर्मितीनंतर मराठवाड्यात आठ जिल्हे झाले.

ठळक घटना आणि घडामोडी

अठरावे शतक
* १७०७ – इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या एकत्रीकरणाचा कायदा अमलात येऊन ग्रेट ब्रिटनचे राज्य अस्तित्वात आले.
* १७५३ – स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस याच्या ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथाचे प्रकाशन. वनस्पतींच्या द्विनाम पद्धतीच्या शास्त्रीय नामकरणाचा प्रारंभ या ग्रंथापासून मानला जातो.
* १७८६ – मोझार्टच्या ‘द मॅरेज ऑफ फिगारो’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग व्हिएन्नामध्ये झाला.

एकोणिसावे शतक
* १८४० – जगातील पहिले चिकटवायचे टपाल तिकीट ‘पेनी ब्लॅक’ ब्रिटनमध्ये विक्रीस आले.
* १८५१ – लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथे राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते महाप्रदर्शनाचे उद्घाटन. पंजाबच्या विलीनीकरणानंतर इंग्लंडला नेलेला कोहिनूर हिरा या प्रदर्शनात मांडण्यात आला होता.
* १८८६ – आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी अमेरिकेत कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला. ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात बॉम्बस्फोट व गोळीबार झाला.
* १८९७ – स्वामी विवेकानंदांनी कोलकाता येथे रामकृष्ण मिशनची स्थापना केली.

विसावे शतक
* १९२३ – सिंगारवेलू यांच्या पुढाकाराने मद्रास (चेन्नई) येथे भारतातील पहिला कामगार दिन साजरा झाला.
* १९३० – नव्याने सापडलेल्या खगोलीय पिंडाला ‘प्लूटो’ हे नाव देण्यात आल्याचे जाहीर झाले.
* १९३१ – न्यू यॉर्कमधील एम्पायर स्टेट बिल्डिंगचे उद्घाटन.
* १९५६ – जपानमधील मिनामाता येथे अज्ञात मज्जाविकाराची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्यामुळे हा विकार होत असल्याचे पुढे सिद्ध झाले.
* १९६० – मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली. यशवंतराव चव्हाण हे महाराष्ट्राचे, तर जीवराज मेहता हे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.
* १९६० – सोव्हिएत संघाने आपल्या हद्दीत अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान पाडले.
* १९६२ – महाराष्ट्रात जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ अमलात येऊन त्रिस्तरीय पंचायत राज्य सुरू झाले. त्यामागे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशी होत्या.
* १९७३ – भारतातील उरलेल्या खासगी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण.
* १९८१ – जालना व सिंधुदुर्ग जिल्ह्यांची निर्मिती.
* १९९९ – हिंगोली व गोंदिया जिल्ह्यांची निर्मिती.
* १९९९ – १९२४ साली एव्हरेस्टवर बेपत्ता झालेला ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी याचा मृतदेह सापडला.

एकविसावे शतक
* २००४ – दहा नवीन देशांचा युरोपीय संघात प्रवेश.
* २०१० – महाराष्ट्र राज्याला ५० वर्षे पूर्ण.
* २०१६ – उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ.

जन्म

* १७६९ – आर्थर वेलस्ली, वेलिंग्टनचा पहिला ड्यूक, ब्रिटिश सेनापती व पंतप्रधान.
* १८५० – राजपुत्र आर्थर, ड्यूक ऑफ कनॉट. राणी व्हिक्टोरियाचा हा मुलगा वेलिंग्टनच्या वाढदिवशी जन्मला व त्याचे नाव वेलिंग्टनवरून ठेवले गेले.
* १८५२ – सान्तियागो रामोन इ काहाल, नोबेल पुरस्कारविजेता स्पॅनिश मज्जाशास्त्रज्ञ.
* १९१३ – बलराज साहनी, हिंदी चित्रपट अभिनेता व लेखक.
* १९१९ – मन्ना डे, पार्श्वगायक. बंगाली व हिंदीसह मराठी चित्रपटगीतेही गायली. दादासाहेब फाळके पुरस्काराचे मानकरी.
* १९२२ – मधू लिमये, समाजवादी नेते, संसदपटू व लेखक. जन्म पुणे येथे. गोवा मुक्ती लढ्यातील सहभागाबद्दल पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने त्यांना १२ वर्षांची शिक्षा सुनावली होती.
* १९२३ – जोसेफ हेलर, अमेरिकन कादंबरीकार.
* १९३२ – एस. एम. कृष्णा, कर्नाटकचे मुख्यमंत्री, महाराष्ट्राचे राज्यपाल व भारताचे परराष्ट्रमंत्री.
* १९५५ – आनंद महिंद्रा, भारतीय उद्योजक.
* १९८८ – अनुष्का शर्मा, हिंदी चित्रपट अभिनेत्री.

आर्थर वेलस्ली आणि जालना

या दिवशी जन्मलेल्या व्यक्तींपैकी आर्थर वेलस्ली याचा संबंध थेट आजच्या जालना जिल्ह्याच्या भूमीशी येतो. त्याच्या नेमक्या जन्मतारखेबाबत मतभेद आहेत. तथापि तो स्वतः १ मे हाच आपला वाढदिवस मानत असे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, खेळणा व जुई या नद्यांच्या संगमालगत असलेल्या असई या गावाजवळ त्याची गाठ दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांच्या संयुक्त सैन्याशी पडली. त्या वेळी वेलस्ली ३४ वर्षांचा होता. याच महिन्याच्या आरंभी कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने जालन्याचा किल्ला घेतला होता.

मराठ्यांकडे संख्याबळ आणि तोफा दोन्ही अधिक होत्या. युरोपीय पद्धतीने तयार केलेल्या पायदळाचे नेतृत्व पोलमन हा जर्मन अधिकारी करीत होता. नदीच्या समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसताच त्यांच्या दरम्यान उतार असणारच, असा तर्क वेलस्लीने केला. तो उतार खरोखर सापडला व त्यावरून नदी ओलांडून त्याने मराठा फौजेच्या बगलेवर चाल केली. इंग्रजांचा विजय झाला. परंतु सुमारे ७,००० सैनिकांपैकी त्यांचे १,५०० हून अधिक जण ठार वा जखमी झाले. मराठा गोलंदाज अखेरपर्यंत तोफांजवळून हटले नाहीत. वॉटर्लूच्या विजयानंतरही वेलिंग्टन असईची लढाई ही आपली सर्वोत्तम कामगिरी मानत असे. महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र ही लढाई दख्खनमधील मराठा सत्तेच्या ऱ्हासाचा एक निर्णायक टप्पा म्हणून ओळखली जाते.

मृत्यू

* १८७३ – डेव्हिड लिव्हिंग्स्टन, आफ्रिकेचा शोध घेणारा स्कॉटिश धर्मप्रसारक.
* १९०४ – अंतोनिन द्वोराक, चेक संगीतकार.
* १९४५ – योजेफ गोबेल्स, नाझी जर्मनीचा प्रचारमंत्री.
* १९७२ – कमलनयन बजाज, उद्योजक व वर्ध्याचे खासदार. जमनालाल बजाज यांचे पुत्र.
* १९९३ – ना. ग. गोरे, समाजवादी नेते, साहित्यिक व पुण्याचे माजी महापौर. १९५५ च्या गोवा सत्याग्रहाचे नेतृत्व करणाऱ्यांपैकी एक.
* १९९३ – रणसिंघे प्रेमदासा, श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष. कोलंबोतील कामगार दिनाच्या मिरवणुकीत बॉम्बस्फोटात हत्या.
* १९९४ – आयर्टन सेना, ब्राझीलचा मोटार शर्यतपटू.
* २००८ – निर्मला देशपांडे, गांधीवादी कार्यकर्त्या, विनोबा भावे यांच्या सहकारी व राज्यसभा सदस्य. जन्म नागपूर येथे.

प्रतिवार्षिक पालन

आंतरराष्ट्रीय कामगार दिन – १८८९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या समाजवादी परिषदेने १ मे हा दिवस कामगारांच्या निदर्शनांसाठी निश्चित केला व १८९० पासून तो पाळला जाऊ लागला. त्याच वर्षी, १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली.

महाराष्ट्र दिन – संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात प्राण गमावलेल्या हुतात्म्यांना या दिवशी मुंबईतील हुतात्मा चौकात अभिवादन केले जाते. त्या आंदोलनात मुंबईतील गिरणी कामगार मोठ्या संख्येने सहभागी होते. त्यामुळे राज्य दिन व कामगार दिन एकाच तारखेस येण्याला महाराष्ट्रात विशेष अर्थ आहे. राज्याचा मुख्य समारंभ मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर होतो. जिल्ह्यांच्या मुख्यालयी पालकमंत्र्यांच्या हस्ते ध्वजारोहण केले जाते. जालना येथे हा समारंभ जिल्ह्याच्या वर्धापनदिनीच होतो.

ग्रामसभा – महाराष्ट्रातील गावांत २६ जानेवारी, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांप्रमाणेच १ मे रोजीही ग्रामसभा घेण्याचा प्रघात आहे. मराठवाड्यात हे उन्हाळ्याचे ऐन दिवस असल्याने पिण्याचे पाणी व टँकर, विहिरींची स्थिती आणि रोजगार हमीची कामे हे विषय या सभेत महत्त्वाचे ठरतात.

शालेय निकाल – राज्यातील अनेक शाळांत ध्वजवंदनानंतर याच दिवशी वार्षिक परीक्षेचे निकाल जाहीर करण्याची पद्धत आहे.

एप्रिल २९ – एप्रिल ३० – मे १ – मे २ – मे ३ – (मे महिना)