विमानतळावरच्या माहितीपटाचं कूळ

विमानतळावर कॅमेरा लावायचा, निवेदकाला फाटा द्यायचा आणि लोडर, सफाई कामगार, ताटकळलेले नातेवाईक यांचा दिवस जसा उलगडेल तसा दाखवायचा, हा निरीक्षणपर माहितीपटाचा रिवाज. तो 1960च्या सुमारास अमेरिका-फ्रान्समध्ये जन्मला, असं सर्रास सांगितलं जातं. माझ्या मते त्याचं कूळ जुनं आहे आणि ते आगमनाच्या दृश्यात सापडतं. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. त्यांतली एक स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीची होती: गाडी थांबते, दारं उघडतात, माणसं चढतात-उतरतात, बस्स. पुढे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि 1901 साली केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं मुंबईतलं स्वागत टिपलं. रेल्वे, बोट, विमान. वाहन बदललं, दृश्य तेच राहिलं.

कुणी म्हणेल, खांद्याला अडकवायचं नाग्रा ध्वनिमुद्रण यंत्र आल्याशिवाय हा प्रकार शक्यच नव्हता. यंत्रामुळे माणसांचं बोलणं जागच्या जागी टिपता आलं, हे खरं. पण वर्दळीकडे टक लावून पाहणं त्याआधीचं आहे. सावे दादांनी सोहळा टिपला, रोजचं जगणं नव्हे, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. सोहळ्याचीच वाट पुढे रुंदावली. 1948 साली स्थापन झालेल्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या बहुतेक पटांत निवेदकच बोलत राहिला. तरीही सरकारी पैसा म्हणजे प्रचारच, असं होत नाही. जॉन श्लेसिंजरचा ‘टर्मिनस’ (1961) ब्रिटिश सरकारी वाहतूक मंडळाच्याच चित्रपट विभागाने काढला. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातला एक दिवस त्यात निवेदनाविना दिसतो. त्यातला हरवलेल्या मुलाचा प्रसंग जुळवून आणलेला होता, तर ल्युमिएरच्या फलाटावरही त्यांच्या घरची माणसं होती. म्हणून पडद्यावरचा वेळ कुणाच्या वाट्याला येतो, हीच या प्रकाराची खरी कसोटी.

ती कसोटी आज सीबीडी बेलापूरला लागू होते. इथल्या सिडको भवनातून नवी मुंबई विमानतळाचा कारभार आखला गेला. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावं हलवली. 25 डिसेंबर 2025पासून विमानं उडू लागली. सीसीटीव्ही आणि रील्स असताना माहितीपट कशाला, असं विचारलं जाईल. सीसीटीव्ही पहारा देतो, रील क्षण उचलते. पहाटेच्या पाळीवर येणाऱ्या कामगाराचा आठ तासांचा दिवस दोघांनाही पेलत नाही. विमानतळाची घडी बसण्याआधीच सिडकोने असा माहितीपट करवून घ्यावा आणि त्यात पहिला वेळ विस्थापित गावांतल्या माणसांना द्यावा.