बोटाला कळणारी कळ

१९५५ साली मुंबईच्या गोदरेज कंपनीने भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र बाजारात आणले. कळ दाबली की तरफेने अक्षराचा खिळा फितीवर आदळे. अक्षर उमटल्याचे बोटाला तत्काळ कळे. २००९ मध्ये हे उत्पादन थांबले.

१९८० च्या दशकात चेरी कंपनीच्या एमएक्स कळा आल्या. कळीखालची स्प्रिंग ४ मिलिमीटर दबते, पण सुमारे २ मिलिमीटरवरच विद्युत्संपर्क जुळतो. निळी कळ ‘टक्’ वाजते, तपकिरी किंचित अडखळते, लाल सरळ खाली जाते.

जव्हार-मोखाड्याच्या शाळेसाठी स्वस्त यांत्रिक कीबोर्ड निवडताना आपण काय पाहावे? वर्गात निळ्यांचा कलकलाट होईल. नवशिक्या बोटांना तपकिरी बरी. बिघडलेली कळ सुटी बदलता येते ना, हे आधी विचारावे. नाहीतर एका कळीपायी सगळा कीबोर्ड कपाटात जाईल.